चिपाडाची दांडी

कृती

दादा पारड्यात बसले आणि पारडं धपकन स्टेजला टेकलं. फळीखाली एक मुंगळा फिरत होता. त्याचं पुढं काय झालं याची चौकशी कुणी केली नाही.

समोरच्या पारड्यात गुळाच्या ढेपा चढायला लागल्या. निवेदक हुक्केरी सर माईकवरून प्रत्येक ढेपेला नाव देत होते. पहिली ढेप कर्तृत्वाची, दुसरी नेतृत्वाची, तिसरी दातृत्वाची. सातव्या ढेपेपर्यंत त्यांच्याजवळची सगळी ‘त्वं’ संपली. आठवीला ते नुसतंच म्हणाले, “आणि ही गुळाची.”

दहा-दहा किलोच्या आठ ढेपा. भूपालदादा खोचग्यांचं वजन ऐंशी किलो हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. त्यांच्याच साखर कारखान्याच्या स्मरणिकेत ते दरवर्षी छापून यायचं.

आठवी ढेप चढली. गुळाचं पारडं वीतभर वर होतं, ते तिथंच लोंबत राहिलं. दादांचं पारडं हललंसुद्धा नाही.

टाळ्यांसाठी उचललेले हात लोकांनी हळूच मांडीवर ठेवले.

मी विंगेत उभी होते. माझं लक्ष पारड्यांवर नव्हतं, वरच्या दांडीवर होतं. ती दांडी मी केली होती, उसाच्या चिपाडाची. माझ्या शेजारी आमच्या वर्कशॉपचे सुतारकामाचे शिक्षक नदाफमामा उभे होते. त्यांनी दांडीकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं आणि तोंडावर रुमाल धरला.

“मामा, दांडीत काही खोट राहिली का?”

“दांडीत न्हाई, मॅडम,” मामा रुमालातून म्हणाले. “स्मरणिकेत हाय.”


उद्देश

हा आधी यायला हवा होता. प्रयोगवहीत तो पहिला असतो. पण दादा आधी बसले, त्याला मी काय करणार.

मी तेव्हा दादांच्याच संस्थेच्या पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिलला शिकवायचे. वर्कशॉपमागं पत्र्याची एक शेड होती. तिथं मी आणि नदाफमामा चिपाडाचे तक्ते करायचो. ऊस पिळून रस गेला की मागं जे उरतं ते चिपाड. आमच्याकडं गुऱ्हाळवाले ते वाळवून चुलवाणात घालतात, कारखान्यात ते बॉयलरमध्ये जातं. माझं म्हणणं एवढंच होतं की जे जळण्याआधी ऊस उभा धरत होतं, ते घराची भिंतही उभी धरू शकेल. मामांना हे पटलं होतं. बाकी कुणाला पटलं नव्हतं.

दादा एकदाच शेडमध्ये आले होते. त्यांनी एका तक्त्यावर टिचकी मारली आणि विचारलं, “हे जळतंय का?”

मी अभिमानानं सांगितलं, की जळतं, पण साध्या लाकडापेक्षा उशिरा.

“मग एवढा आटापिटा कशाला? आधीच जाळू की.”

त्यानंतर निरोप आला. शेडच्या जागी पाहुण्यांच्या गाड्या लावायची सोय होणार होती, आणि आतले तक्ते बॉयलरला जाणार होते. मी प्राचार्य टोणपे सरांकडं गेले. टोणपे सर सगळ्यांना मान डोलवायचे, समोरासमोर भांडणाऱ्या दोघांना एकाच वेळी. पण त्या दिवशी त्यांना आयुष्यातली एकमेव कल्पना सुचली. दादांच्या पंचाहत्तरीला गूळतुला होणार होती. तिची दांडी चिपाडाची करायची. उसाचा राजा, उसाचा गूळ, उसाचीच दांडी. हे वाक्य त्यांनी मला तीनदा ऐकवलं, आणि तिसऱ्यांदा स्वतःच टाळी वाजवली.

दादांनी परवानगी दिली, एका अटीवर. दांडी टिकली तर शेड माझी. मोडली तर दांडीसकट सगळं बॉयलरला.

म्हणून, उद्देश: शेड वाचवणे. पोटउद्देश: दादाही वाचवणे.


साहित्य

चिपाड. चुन्याची निवळी. राळ. जुन्या ट्रकच्या जॅकपासून मामांनी बनवलेला प्रेस. मामांचे दोन मेहुणे.

सुरुवातीला आम्ही सिमेंट वापरून पाहिलं होतं. पण चिपाडात थोडी साखर उरतेच, आणि साखर लागली की सिमेंट घट्ट व्हायचं विसरून जातं. आमची पहिली वीट कितीतरी दिवस शिऱ्यासारखी मऊ राहिली. शेवटी ती मुंग्यांनी नेली. शब्दशः नेली. मामा म्हणाले, असं कर्ज फिटावं. तेव्हापासून आम्ही चिपाड चुन्याच्या निवळीत उकळून साखर काढून टाकायला लागलो, मग राळ लावून, धागे सगळे लांबीच्या दिशेनं ठेवून दाबायला लागलो. धागे आडवेतिडवे पडले तर तक्ता बिस्किटासारखा तुटतो. सरळ ठेवले तर ताण सोसतो. दांडी अशा बारा-पंधरा थरांची होती. मामांनी तिला रंधा मारून पॉलिश केलं, तेव्हा ती शिसवीसारखी दिसायला लागली. मामा तिला हळूच ‘बाईसाहेब’ म्हणायचे.

राहिलं दादांचं वजन. दांडी किती जाड करायची, ते त्यावर ठरणार होतं. मी त्यांच्या पीएला विचारलं. तो म्हणाला, दादांचं वजन पार मंत्रालयापर्यंत आहे. मी म्हटलं, किलोमध्ये सांगा. त्याला राग आला. दादांच्या डॉक्टरांनी फोन ठेवला. शेवटी टोणपे सरांनी स्मरणिका उघडून बोट ठेवलं: ऐंशी किलो. गेल्या कितीतरी वर्षांच्या स्मरणिकांमध्ये तेच होतं. फोटोसुद्धा तोच होता.

मी सावधपणा म्हणून दुप्पट धरलं.

मग आम्ही दांडी शेडमध्ये टांगून पाहिली. दोन्ही टोकांना वाळूची पोती लावली, ती टिकली. पोती काढून दोन्ही मेहुणे लटकावले, तरी टिकली. मेहुण्यांनी झोके घेतले. दांडी सूतभर लवली आणि ते उतरल्यावर परत सरळ झाली. मी मामांना पेढा दिला.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. पोती काय, मेहुणे काय, सगळे लटकले आणि लगेच उतरले. लटकलेलं असताना कुणी भाषण केलं नव्हतं.


दक्षता

१. दांडी कोरडी ठेवावी. चिपाडानं पाणी पिलं की ते ढिलं पडतं.

२. हे सजावट समितीला आधी सांगावं. सकाळी येऊन पाहते तो समितीनं दांडीला या टोकापासून त्या टोकापर्यंत झेंडूच्या माळा गुंडाळलेल्या. ताज्या राहाव्यात म्हणून माळा बादलीत बुडवून काढलेल्या. दांडी ठिबकत होती.


आकृती

(काढायची राहून गेली. वाचकानं इथं एक आडवी रेघ काढावी. मग तिची दोन्ही टोकं जरा जरा खाली ओढावीत. मिशी तयार झाली, तर आकृती बरोबर आहे.)


पुन्हा कृती

तर आठ ढेपा संपल्या होत्या आणि गूळ हवेत होता.

टोणपे सर लगबगीनं स्टेजवर गेले, दादांच्या कानाशी वाकून म्हणाले की आणखी गूळ मागवतो. दादा म्हणाले, काही गरज नाही, गूळ पुरेसा आहे. टोणपे सरांनी मान डोलावली, विंगेत आले आणि गुऱ्हाळावरून आणखी गूळ आणायला ट्रॅक्टर पाठवून दिला. दादांनाही आणि स्वतःलाही मान डोलवायची म्हणजे अशी.

दादांनी हुक्केरी सरांना खूण केली. “भाषणं घ्या. तुला काय, होतीया सावकाश.”

भाषणं खरं तर तुलेनंतर होती. पण दादा पारड्यातून उठायला तयार नव्हते, आणि तुला पुरी झाल्याशिवाय त्यांना उठा म्हणायची कुणाची छाती नव्हती. म्हणून पंचाहत्तरीचे उत्सवमूर्ती जमिनीलगत मांडी घालून बसलेले, आणि वक्ते त्यांच्या डोक्यावरून बोलतायत, असा कार्यक्रम सुरू झाला.

पहिले पाहुणे उठले. म्हणाले, वेळ कमी आहे, मी फक्त दोन शब्द बोलणार आहे. आमच्या भागात हे वाक्य ऐकलं की लोक चपला काढून मांडी घालतात.

दांडीमागं कापडी फलक होता. वरच्या ओळीत ‘अमृतमहोत्सव’, खाली ‘गूळतुला’. सुरुवातीला गुळाकडचं टोक ‘अमृत’वर होतं. पाहुण्यांचा पहिला शब्द संपेपर्यंत ते अक्षरांच्या पायाशी आलं. मी डोळे चोळले. दुसऱ्या शब्दाच्या मध्यावर टोक दोन ओळींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत होतं.

दांडी वाकत होती. मोडत नव्हती, करकरत नव्हती. दिवसभर उभं राहिलेल्या माणसासारखी हळूहळू खांदे पाडत होती. दोन्ही टोकं खाली, मध्य वर. दादांचं पारडं आधीच स्टेजवर टेकलेलं, त्याला खाली जायला जागा नव्हती. त्यामुळं दोन्ही बाजूंचा बाक गुळाच्या पारड्याच्या वाट्याला येत होता. गूळ कणाकणानं खाली उतरत होता.

“मामा, थांबवायला पाहिजे.”

“काय थांबवता? पाहुण्यांना?” मामा म्हणाले. “त्यांच्या बायकोला जमलं न्हाई.”

मी टोणपे सरांना गाठलं. म्हटलं, सर, भाषणं आवरती घ्या, दांडीवर भार जितका वेळ राहील तितकी ती वाकणार. मोडलीच तर दादा स्टेजवर, दांडी दादांवर. टोणपे सरांनी मान डोलावली आणि म्हणाले, “मॅडम, आपल्याकडं भाषण थांबवता येत नाही. फक्त लांबवता येतं.”

आणि ते लांबत होतं. पाहुणे बसायला लागले की पारड्यातून दादा म्हणायचे, ते कॅनॉलचं सांगा की. पाहुणे परत उभे राहायचे. दुसरे वक्ते दादांचे जुने विरोधक होते, त्यांनी खरोखरच दोन शब्दांत आटपायचा प्रयत्न केला. दादा म्हणाले, “तुम्ही मनापासून बोलला न्हाईसा.” ते बिचारे मनापासून बोलायला लागले, आणि त्यात बराच वेळ गेला, कारण मनात बरंच काही होतं.

मला दादांचा राग आला होता. पंचाहत्तर वर्षं स्तुती ऐकूनही या माणसाचं पोट भरत नाही, असं वाटत होतं. माझी शेड, माझे तक्ते, मामांची बाईसाहेब, सगळं त्या हौसेपायी लोंबकळत होतं.

पहिल्या रांगेत दादांच्या पत्नी पद्मावतीकाकी बसल्या होत्या. त्या भाषण ऐकत नव्हत्या. मांडीवर औक्षणाचं तबक धरून त्या गुळाच्या पारड्याखालची मोकळी जागा बघत होत्या. अशा नजरेनं मी फक्त परीक्षेतले पर्यवेक्षक बघताना पाहिलेत.

वक्ते संपले. हुक्केरी सरांनी एक स्वरचित कविता म्हटली, तीही संपली. गुळाचं पारडं स्टेजपासून दोन बोटं वर होतं. बाहेर, लांबवर, ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला.

दादांनी तो ऐकला. त्यांनी गुळाकडं पाहिलं, काकींकडं पाहिलं, मग मान वळवून विंगेत माझ्याकडं पाहिलं.

“दांडी केलेल्या मॅडम कुठं हायत? मगदूम मॅडम. त्यांना बोलू द्या की दोन शब्द.”

मी माईकसमोर कशी गेले, आठवत नाही. मी म्हणाले, “दादांना शुभेच्छा. धन्यवाद.” आणि वळले.

“सविस्तर,” पारड्यातून आवाज आला.

“दादा, ही दांडी उसाच्या चिपाडाची आहे.”

“ते दिसतंय. ताकद कशी येतीया ते सांगा.”

मी धाग्यांची दिशा सांगितली. आडवे धागे का तुटतात, सरळ धागे ताण कसा सोसतात. दादांनी विचारलं, आणि दाब? मी दाबाचं सांगितलं. दादांनी विचारलं, पाण्यानं काय होतंय? मी झेंडूच्या माळांकडं बघत पाण्याचंही सांगितलं. साखर लागली की सिमेंट आळशी का होतं, हे सांगितल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, माणसाचंबी तेच होतंय, आणि हॉल हसला. दादा हसले नाहीत. त्यांनी वाळवीचं विचारलं. आगीचं विचारलं. एका घराला किती चिपाड लागेल ते विचारलं. मी पॉलिटेक्निकमध्ये कितीतरी वर्षं शिकवत होते, पण माझं अख्खं लेक्चर एखाद्यानं जागं राहून ऐकायची ती पहिलीच वेळ. मी दांडी विसरले. खडू नव्हता, म्हणून बोटानं हवेत आकृत्या काढायला लागले.

ट्रॅक्टरचा आवाज हॉलच्या दारात आला आणि बंद झाला.

“आणि मॅडम,” दादा जरा घाईनं म्हणाले, “छपराला चालंल का हे?”

“छपराला चालेल, पण—”

टक्.

फार बारीक आवाज होता. मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, दांडीच गेली.

“टेकलं,” मामा विंगेतून म्हणाले.

गुळाचं पारडं स्टेजला टेकलं होतं. या बाजूला दादा जमिनीवर, त्या बाजूला गूळ जमिनीवर. दोन्ही पारडी एका पातळीत. मागं दांडीची टोकं थेट ‘गूळतुला’वर आलेली, मध्ये खांबावर तिचं पोट वर, माळा लोंबताहेत. हुक्केरी सरांनी माईक जवळजवळ तोंडात घातला आणि जाहीर केलं, की बरोबर ऐंशी किलो, तुला समान झालेली आहे. हॉल टाळ्यांनी दणाणला. पद्मावतीकाकी उठल्या, स्टेजवर आल्या, वाकून दोन्ही पारड्यांखाली बोट घालून पाहिलं. बोट दोन्हीकडं गेलं नाही. मग त्यांनी दादांना ओवाळलं.

दारात ट्रॅक्टरवरचे लोक गूळ घेऊन उभे होते. दादा म्हणाले, तो प्रसाद म्हणून वाटून टाका.

दादांना उठवायला चौघे लागले. ते उठले, आणि त्यांच्या बाजूचं वाकलेलं टोक मोकळं झालं. मेहुण्यांच्या वेळी मी पाहिलं होतंच, भार काढला की ही परत सरळ व्हायला बघते. पारडं सटकन वर उडालं. फळीवर दादांची एक कोल्हापुरी चप्पल राहिली होती. ती कमानीसारखी गेली आणि हुक्केरी सरांच्या हातात पडली. त्यांनी ती मानचिन्हासारखी दोन्ही हातांत धरली. लोकांना वाटलं, हेही कार्यक्रमात आहे. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.


निरीक्षण

दुसऱ्या दिवशी दादा एकटेच शेडमध्ये आले. मामा स्टूल पुसायला लागले. दादांनी स्टुलाकडं पाहिलं आणि उभेच राहिले.

दांडी भिंतीशी टेकवून ठेवली होती. वाळली होती, पण बाक पुरता गेला नव्हता.

“काल ही खाली येत होती,” दादा म्हणाले.

मी होय म्हटलं. माफी कुठल्या शब्दांत मागायची, ते जुळवत होते.

“मला दिसत होतं. पहिले पाहुणे कॅनॉलपर्यंत आले तवाच ध्यानात आलं. माणसं बोलायला लागली की गूळ खाली येतोय. म्हटलं, बोला बाबांनो.”

मामांनी रुमाल काढला.

“म्हणजे दादा, तुम्ही मुद्दाम—”

“काकींना शब्द दिलाय मी. ऐंशीच्या आत आलोय म्हणून. न्हाईतर त्या निसर्गोपचाराला घेऊन जाणार होत्या. महिनाभर.” दादांनी दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “सकाळ-संध्याकाळ दुधी भोपळ्याचा रस.”

मामांनी रुमाल परत खिशात ठेवला. दुधी भोपळा तिघांच्या मधून गेल्यासारखं वाटलं.

“ह्या वाकण्याला काय म्हणता तुमच्यात?”

“विसर्पण,” मी म्हणाले. “भार पेलण्यासारखा असला, तरी तो फार वेळ राहिला की वस्तू हळूहळू लवत जाते. मोडत नाही.”

“आमच्या संचालक मंडळात हायत असली.” दादांनी दांडीवरून हात फिरवला. “वाईट असतंय का हे?”

“इमारतीत वाईट. तेच छपराबद्दल काल सांगणार होते, तेवढ्यात टेकलं. छपराला वापरायचं, तर आधी यावर काम करावं लागेल. दोन-तीन वर्षं तरी.”

“मग करा की. शेड हाय तुमची.”

ते दारापर्यंत गेले, थांबले, परत आले. माझ्या कानाशी वाकून त्यांनी आपलं खरं वजन सांगितलं. हिशेबाला लागेल म्हणाले. मी ते इथं नोंदवते:

दादांचं वजन: ________


अनुमान

दांडी आता शेडच्या दारावर टांगलेली आहे. शेड मोठी झाली आहे, तिला पाटीही आहे, भिंती आमच्याच तक्त्यांच्या आहेत. छपराला मात्र अजून पत्रा आहे. दोन-तीन वर्षं म्हणाले होते मी, ती जरा लवली. दादा नाहीत. काकी आहेत, आणि अजून अधूनमधून येऊन दांडीकडं संशयानं बघून जातात.

दरवर्षी नवी पोरं येतात. मान वर करून ती मिशी बघतात आणि हटकून विचारतात, की मॅडम, हिनं किती भार घेतला होता?

“ऐंशी किलो,” मी सांगते.

मामा निवृत्त झाले तरी शेडमध्येच असतात. ते रुमाल काढून खोकतात. पण मी खोटं बोलत नाही. एका बाजूला आठ ढेपा होत्या, तेव्हा दुसऱ्या बाजूलाही दांडीनं तेवढंच उचललं, ऐंशी किलो दादा. उरलेले दादा स्टेजनं पेलले, आणि स्टेजला अजून कुणी विचारलेलं नाही.